घरात माणसं किती

४ मार्च

नवी वही. आजपासून रोज लिहायचं, एक दिवसही चुकवायचा नाही. पान-सुपारीही आजपासून बंद. बायकोला, युलिताला, लाल दात आवडत नाहीत.

कारण असं, की माझी नेमणूक झाली आहे. कुठल्या घरात वीज किती, हे मोजायचा सर्व्हे निघालाय आणि आमच्या गावाची एकेचाळीस घरं माझ्याकडे आली. ग्रामकार्यालयात एकोणीस वर्षं कारकुनी केली, अक्षर चांगलं, आणि गावात चष्मा दोघांनाच. दुसरे पाद्री. दुसऱ्या कुणाचा प्रश्नच नव्हता.

वाइंगापू शहरातून सुपरवायझर आली होती, नोना देबोरा. वय पंचवीस असेल. दोन तास शिकवत होती. मला दहा मिनिटांत सगळं समजलं, उरलेला वेळ तिला बरं वाटावं म्हणून मान हलवली. बत्तीस प्रश्न. लोक सांगतील ते लिहायचं, आपल्या मनाचं घुसडायचं नाही. आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर असलेला माणूस घरातला धरायचा नाही. चांगला नियम आहे. शिस्त हवीच.

ज्या गावांचे आकडे सगळ्यांत वाईट, तिथे यंदा खांब आधी येणार. म्हणजे आपण आलोच. वीज आली की माझा फोन चोवीस तास चालू. फोन चालू राहिला की युलिताचा फोन लागेल. बायको मलेशियात, जोहोरमध्ये घरकामाला आहे. दोन वर्षांसाठी गेली, तिसरं संपून गेलं, पण काम चांगलं असलं की मालक सोडत नाहीत. शेवटचा फोन जानेवारीत आला होता. विचारलं, वीज आली का? म्हटलं, नाही. मग माझी बॅटरी संपली. म्हणजे गोष्ट स्पष्ट आहे. ती विजेसाठी थांबलीय.

७ मार्च

मधले दोन दिवस पेन सापडत नव्हतं.

सरावासाठी पहिला फॉर्म स्वतःच्या घराचा भरला. घरातली माणसं : दोन. सहा महिन्यांचा नियम गेलेल्या माणसांसाठी आहे. युलिता गेलेली नाही, कामावर आहे. तिचं नक्षीचं लुगडं अजून दोरीवर आहे. मी काढलेलं नाही.

९ मार्च

अकरा घरं एका दिवसात. निकाल बघून मीच चकित झालो. सगळ्या घरांत वीज आहे.

प्रत्येक ठिकाणी आधी पान-सुपारी पुढे आली. उंबऱ्यावरचं पान नाकारणं म्हणजे घराला शिवी दिल्यासारखं, म्हणून घेतलं. ते सरकारी कामात धरायचं, पान बंद आहेच. मग विचारलं, वीज आहे का? म्हणाले, आहे की. किती तास? तुम्ही म्हणाल तितके. मी चोवीस म्हटलं, ते हो म्हणाले.

आता गावात तार नाही हे मलाही दिसतं. पण नोनाने काय सांगितलं होतं? लोक सांगतील ते लिहायचं. मी कोण त्यांना खोटं पाडणारा?

विहिरीजवळच्या घरी मात्र कडक राहावं लागलं. तिथली आई म्हणाली, घरात पाच जणं. मोजली तर चार. पाचवा मुलगा कालिमांतानला, ताडाच्या मळ्यावर, दीड वर्ष झालं. खोडला. ती रडायला लागली. म्हणाली, बापा, त्याचं ताट मी रोज मांडते हो. मी समजावलं, आई, नियम म्हणजे नियम. एकाला सूट दिली की सगळा सर्व्हे बुडाला.

१३ मार्च

आज आपू हानाकडे अडकलो. ऐंशीची म्हातारी, पण जीभ विशीतली. म्हणाली, लिही, घरात दोन माणसं. मी आणि हे.

हे म्हणजे म्हातारे उंबू रेही. वारून साडेतीन वर्षं झाली. अंत्यविधीत बळी द्यायच्या म्हशी अजून जमलेल्या नाहीत, त्यामुळे पुढच्या खोलीत कापडांत गुंडाळून बसवलेले आहेत, सगळ्यांकडे गेलेले असतात तसे. सकाळची कॉफी, दुपारचं पान, सगळं त्यांना वेळेवर मिळतं. मी आत गेल्यावर नमस्कार केला. एवढं कळतं मला.

पण फॉर्मवर माणूस म्हणजे जिवंत माणूस. तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं, खोड मग. पण त्यांना तू स्वतः सांग, मी नाही सांगणार.

त्यांच्यासमोर बसून सांगितलं. उंबू, सर्व्हेपुरतं आहे, मनावर घेऊ नका. त्यांनी घेतलं नसावं.

तिच्याकडे चर्चने दिलेला सोलरचा कंदील आहे. विचारलं, उजेड किती तास? म्हणाली, त्यांना बारा, मला एकही नाही. कंदील रात्रभर त्यांच्याजवळ, ती चुलीच्या उजेडात स्वयंपाक करते. सरासरी काढून सहा लिहिलं. असे बारकावे दुसऱ्या कुणाला जमले नसते.

२० मार्च

एकेचाळीस पूर्ण. फॉर्म रवाना. गावासाठी इतकं कुणी केलं नसेल.

फोन मेल्कियासच्या दुकानातून आणला. त्याच्याकडे जनरेटर आहे, तिथे सगळ्या गावाचे फोन रांगेत चार्जला असतात. सिग्नल फक्त आमच्या ओसरीच्या खांबावर येतो, म्हणून पिशवीत घालून तिथे टांगतो. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग बॅटरी गेली. तिने नेमका नंतर केला असणार.

२ एप्रिल

नोना देबोरा आली. चेहरा पडलेला. म्हणाली, बापा, अख्ख्या सुंबा बेटात तुमचं गाव पहिलं आलंय. वाइंगापूत दिवसातून दोनदा वीज जाते, तुमच्याकडे कधीच जात नाही. मला क्षणभर अभिमानच वाटला. मग तिने विचारलं, खांब कुठे आहेत?

असे आकडे गेले तर खांब दहा वर्षं येणार नाहीत म्हणाली. पंधरा दिवसांत पुन्हा भरून द्या. विचारू नका, बघा. बल्ब बघा, बटण दाबा, पेटला तर वीज आहे लिहा.

मी म्हटलं, नोना, आपल्या दारचं पान घेतलेल्या पाहुण्याला ‘नाही’ म्हणायची आमच्यात रीत नाही, लोक काय करणार? म्हणाली, हे तुम्हाला ठाऊक होतं ना? ठाऊक असणार नाही तर काय. मी इथलाच आहे.

मग माझ्या घराचा फॉर्म काढला. दुसरं माणूस कुठे आहे? म्हटलं, कामावर. किती दिवस झाले? म्हटलं, झाले थोडे. मेल्कियास कुंपणाशी उभा होता, त्याला कुणी विचारलं नव्हतं. ओरडला, अहो बापा, थोडे कसले, चाळीस महिने झाले! सगळा गाव मोजतोय, आणि मोजणारा तुम्ही!

नोनाने पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, सवडीने तुम्हीच दुरुस्त करा.

मेल्कियासशी यापुढे बोलायचं नाही. फोन चार्जला द्यायच्या दिवशी सोडून.

६ एप्रिल

नवी पद्धत काढली. पान घ्यायचंच नाही. पहिल्या घरी नाकारलं तर घरधन्याने दारच लावलं. दुसऱ्या घरी कुत्रा सोडला. म्हणाले, मार्थेनला साहेबी चढली.

८ एप्रिल

सुधारित पद्धत. आधी प्रश्न, मग पान. दाराबाहेर उभं राहून बत्तीस प्रश्न. लोकांना हसू आवरत नाही, पण खरं बोलतात. रॉकेलची चिमणी. चिमणीही नाही. मोबाइलची बॅटरी, तीही गेल्या मंगळवारपासून बंद. एका घरात मुलं दोन वर्षं झाली, जेवताना ताटातलं काय ते हाताने चाचपून जेवतात. चौदाव्या घरानंतर लिहिताना कसंतरी झालं. इथेच जन्मलो, हे सगळं रोज बघत होतो, पण रकान्यात उतरल्यावर ते वेगळंच दिसायला लागलं.

विहिरीजवळच्या आईचा मुलगा पुन्हा खोडला. या वेळी ती रडली नाही. नुसतं बघत होती माझ्याकडे.

माझा फॉर्म तसाच आहे. सवडीने म्हणाली होती.

३० मे

पहिला नंबर! म्हणजे खालून. यंदा खांब येणार. चर्चमध्ये घोषणा झाली. कुणी माझं नाव घेतलं नाही, पण लोकांच्या मनात असेलच.

युलिताला कळवायला फोन केला. वाजला, मग कट झाला. बहुतेक मालकीण समोर असेल.

११ जून

युलिताची धाकटी बहीण फ्रान्सिना पाणवठ्यावर भेटली. बोलता बोलता तिच्या तोंडून गेलं की युलिताचा शनिवारी फोन आला होता. मग ओठ चावला तिने.

विचार केला. फ्रान्सिनाचाही फोन मेल्कियासकडेच चार्ज होतो, माझ्याच शेजारी. पण तिचा फोन नवा आहे. बॅटरी टिकते. एवढाच फरक.

१७ ऑगस्ट

खांब उभे राहिले. पोरं मिठ्या मारतायत खांबांना.

मी तयारीला लागलो. ओसरीला चुना मारला. दुसरी उशी शिवून घेतली. वाइंगापूहून बल्ब आणून तार नसताना टांगून ठेवला, म्हणजे त्या दिवशी घाई नको. मेल्कियास येऊन खालून बघत राहिला. विचारलं, उजेड पडला का? उत्तर दिलं नाही. आज चार्जचा दिवस नव्हता.

पान सुटल्यात जमा आहे. दिवसाला चार-पाच, तेही लोकांकडेच.

२३ सप्टेंबर, संध्याकाळी सव्वासहा

वीज आली.

सगळं गाव ओरडत होतं. डुकरंसुद्धा. मी बटण दाबलं आणि घर दिसलं. कोपऱ्यात एवढी जळमटं असतील असं वाटलं नव्हतं. तिचं लुगडं दोरीवर विटून गेलंय, तेही आजच दिसलं.

फोन चार्जला लावला. स्वतःच्या घरात. आता तिला सबब नाही. मलाही नाही.

२५ सप्टेंबर

फोन शंभर टक्के.

आपू हानाकडे चक्कर. बल्ब पुढच्या खोलीत उंबू रेहींच्या डोक्यावर, सोलरचा कंदील अखेर स्वयंपाकघरात. म्हणाली, चार वर्षांनी मक्यातले किडे दिसले. आधी न बघता खात होते तेच बरं होतं.

२९ सप्टेंबर

नोनाने यंत्र पाठवलं. सुपारीच्या डबीएवढं. भिंतीतल्या प्लगला लावायचं, वीज किती तास होती ते आपोआप मोजतं. गावात एकाच घरी लावायचं होतं. अर्थातच माझ्या.

फोन शंभर टक्के. आज रविवार, म्हणून दिवसभर खांबाजवळच बसलो. एक फोन आला. चुकीचा नंबर. कुणीतरी सिमेंट मागत होता. तरी थोडं बोललो त्याच्याशी.

१३ ऑक्टोबर

यंत्र : रोज चोवीस तास, एकदाच चाळीस मिनिटं गेली. फोन : शंभर, शंभर, अठ्ठ्याण्णव, शंभर.

मीच फोन लावला. बाई परक्या भाषेत बोलली, हा नंबर सध्या बंद आहे. म्हणजे तिकडेच वीज नसावी. मोठ्या शहरांतही असं होतं, नोनाच सांगत होती. जोहोरचाही कुणीतरी नीट सर्व्हे करायला हवा.

३ नोव्हेंबर

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं. यंत्र चालू आहे.

फ्रान्सिना समोरून येत होती, मला बघून भाताच्या शेतातून गेली. शेतात गुडघाभर चिखल होता.

१४ नोव्हेंबर, सकाळी

युलिताचा मोठा भाऊ योसेफ आला. सोबत घोडा. पांढरा, तरुण, चांगला पोसलेला. ओसरीच्या खांबाला बांधला, फोनच्या पिशवीखाली. मी पान पुढे केलं. त्याने घेतलं नाही. मला वाटलं, दाताचं काही असेल.

फक्त एवढं म्हणाला, बाकीचे चार शनिवारी आणतो, मार्थेन. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

उंबू रेहींचा विधी पुढच्या शुक्रवारी ठरलाय, म्हशी जमल्या. त्या विधीसाठीचाच घोडा असणार. एवढ्या उन्हात पुढे चालत जायला नको म्हणून माझ्याकडे बांधला. तसं सांगायचं राहिलं त्याच्याकडून.

१५ नोव्हेंबर

घोडा घेऊन आपू हानाकडे गेलो. म्हटलं, योसेफकडून विधीसाठी आलाय.

ती उठली. घोड्याचा डावा कान हातात धरून कातरलेली खूण बोटाने चाचपली. बल्ब होता, तरी चाचपली. म्हणाली, अरे, ही खूण कुणाची? म्हटलं, माझी. म्हणाली, मग हा तुझाच पांढरा घोडा. लग्नात बायकोसाठी तू त्यांना दिलेल्या पाचांतला. बायकोकडचे लोक घोडे परत कधी आणतात रे, मार्थेन?

मी म्हटलं, आपू, मला माहीत आहे.

खरंच माहीत होतं. खुणेकडे मी काल न बघता बघितलं होतं. ओसरीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत घोड्याच्या उजव्या बाजूलाच बसलो होतो.

ती म्हणाली, तिकडे तिचं माणूस आहे. वर्ष झालं. सगळ्या गावाला ठाऊक आहे, तुला कोण सांगणार? सगळ्यांच्या दारचं पान खाल्लंयस तू.

मग उंबू रेहींकडे बोट करून म्हणाली, माझं माणूस मेलंय, पण घरात आहे. आणि तू खोडलंस.  घोडा घेऊन परत आलो. रस्ताभर लोक घरांत होते, सगळ्या घरांत दिवे होते, आणि कुणी बाहेर आलं नाही. मी ओरडून रडावं असं वाटत होतं, पण घोडा बिचकला असता.

२२ नोव्हेंबर

विधी झाला. उंबू रेही गेले. थडग्यावर दगड बसवला. परत आल्यावर आपू हानाने त्यांच्या खोलीतला बल्ब बंद केला. बटण कुठे आहे ते मला दाखवावं लागलं. तोवर तिने ते कधी बंदच केलं नव्हतं.

विहिरीजवळच्या आईकडे गेलो. तुमचा मुलगा फॉर्मवर परत लिहू का, विचारलं. ती म्हणाली, नको बापा, राहू दे. ताट मांडतेच आहे मी.

१ डिसेंबर, दुपारी

आपू हाना आली. काठी टेकत, एवढा चढ चढून. पाहुणी म्हणून पान दिलं, मीही घेतलं. पान बंद करायचा विचार आता सोडून दिला आहे.

 पाचही घोडे अंगणात होते. फोन खांबावर, शंभर टक्के. तिने पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि विचारलं, युलिता येणार ना रे?

तिला सगळं ठाऊक आहे. तिनेच मला सांगितलं. तरी विचारलं, आणि माझ्या दारचं पान तिच्या तोंडात होतं.

म्हटलं, येणार.

कधी?

तुम्ही म्हणाल तेव्हा.

तिने मान हलवली. बरं म्हणाली. थोड्या वेळाने तिला हात धरून उतारापर्यंत सोडून आलो.

मग नोनाने पाठवलेला वर्षअखेरचा फॉर्म काढला. स्वतःच्या घरापासून सुरुवात केली, विचारून नाही, बघून. वीज आहे. बल्ब पेटतो. यंत्राप्रमाणे चोवीस तास. घरातली माणसं : हाताच्या सवयीने दोन लिहिलं गेलं. खोडलं. एक. घोड्यांसाठी रकाना नाही.